सांवेर तालुक्यातलं शेतकऱ्यांचं खरेदी केंद्र : काटा चोख, पण भावांतर योजना मंडीच्या फाटकातच थांबते

ज्यांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे आणि माल न्यायला घरचा ट्रॅक्टर नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या शेतखात्यांपैकी ८६ टक्के खाती याच मापाची आहेत, तेव्हा वाचणाऱ्यांत कुणी ना कुणी असेलच. आणि इंदुरात राहून वर्षाचा गहू भरणाऱ्यांनीही वाचावं, त्यांच्या कामाचं पुढे आहे.

आमची इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तालुक्यात दीड हेक्टर जमीन आहे. सासऱ्यांनी घेतलेली, यांच्या पश्चात नामांतरण होऊन माझ्या नावावर आलेली. मी इंदुरात राजेंद्र नगरात राहते, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. शेत बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलं आहे, पण बियाणं आणण्यापासून माल विकण्यापर्यंत सगळीकडे मी स्वतः उभी असते. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, बांधाकडेच्या पट्टीत लसूण.

गावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, दूध डेअरीला लागून, एका शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदी केंद्र आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, एक काटा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एक तर तक्रारीही लिहायच्या आहेत आणि संचालक मंडळात सगळे शेजारपाजारचेच आहेत. दुसरं असं की अशी केंद्रं आता ठिकठिकाणी आहेत. २००२ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची सोय झाली, दहा शेतकरी मिळून ती काढू शकतात, आणि २०२० च्या केंद्रीय योजनेत अशा दहा हजार संस्था उभ्या करायचं ठरलं. तुमच्या भागातल्या केंद्रावर काय तपासायचं, ते यातून कळलं तर माझा हेतू साधला.

सुरुवात ओलीपासून करते, कारण लहान शेतकऱ्याचे पैसे सगळ्यात जास्त तिथे जातात.

सोयाबीनचा व्यापार दहा-दोन-दोनवर चालतो. ओल दहा टक्के, माती-कचरा दोन टक्के, डागी दाणा दोन टक्के. माल याच्या आत असला की पूर्ण भाव, बाहेर गेला की कपात. सरकारी हमीभाव खरेदीत ओल बारा टक्क्यांपर्यंत चालते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रासाठी ती पंधरापर्यंत सैल केली होती. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. प्रश्न असतो तो मोजणार कोण आणि कशानं. मंडीच्या, म्हणजे सरकारी बाजार समितीच्या, लिलावात व्यापारी ढिगातून मूठभर दाणे उचलतो, तळहातावर खळखळवतो, एखादा दाताखाली धरतो आणि बोली लावतो. त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही असतो, त्यात त्यांची हयात गेलेली असते. पण बोली एकाच आकड्यात येते. ओलीपोटी किती गेले, डागीपोटी किती गेले, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही. आणि जे कळत नाही ते पुढच्या वर्षी सुधारताही येत नाही.

या केंद्रावर ओल मीटरनं मोजतात. तीन वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना काढतात, सरासरी घेतात, आणि मीटरचा पडदा विकणाऱ्याकडे वळवलेला असतो. इथला व्यवस्थापक पंचविशीतला, गावातलाच मुलगा आहे. तो आकडा स्वतः वाचत नाही, "काकीजी, तुम्ही वाचा, मी लिहितो" म्हणतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्याबरोबरच्या माणसाकडून वाचून घ्यायला लावतो. मग छन्ना, म्हणजे चाळणी, फिरतो, कचरा वेगळा तोलला जातो, डागी दाणे थाळीत वेगळे काढले जातात. नमुन्याची एक पिशवी सही करून केंद्रात ठेवतात. केंद्राकडून माल घेणाऱ्या तेलाच्या प्लांटनं पुढे तक्रार केली तर ती पिशवी उघडायची.

कपात एकाला एक, म्हणजे ओल एक टक्का जास्त तर भाव एक टक्का कमी. हे योग्य आहे की नाही याचा मी घरी हिशेब करून पाहिला. तेरा टक्के ओलीचा माल वाळवून दहावर आणला, की त्याचं वजन सव्वातीन टक्क्यांच्या आसपास घटतं. म्हणजे केंद्र जे कापतं ते वाळवताना तसंही जाणारच असतं. ज्यांच्याकडे पसरायला खळं नाही, पावसाचं सावट आहे, त्यांनी तेरा टक्क्यांचा माल तसाच विकला तरी त्यांचं नुकसान नाही. व्यवस्थापक हे स्वतःहून सांगतो. चौदाच्या वर मात्र ते घेत नाहीत. ताडपत्री देतात आणि परत पाठवतात, कारण पोत्यात माल तापला तर सगळ्यांचंच नुकसान.

कपात योग्य की अयोग्य, हे विकणाऱ्याला कागदावर मांडून तपासता येणं हाच या केंद्राचा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो.

काट्यावर सरकारी नापतौल (वजनमाप) विभागाचा शिक्का आहे, त्यावरची तारीख वाचता येते. शेजारी वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलेलं असतं, कुणीही उचलून काट्यावर ठेवून पाहावं. बारदानाचं वजन मला विशेष आवडलं. तागाचं पोतं सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. पुष्कळ ठिकाणी पोत्यामागे सरसकट किलो वजा करतात. इथे रिकामी पोती समोर तोलतात आणि तेवढंच वजा करतात. पोत्यामागचे ते चारशे ग्रॅम ज्याच्याकडे पन्नास क्विंटल माल आहे त्याला जाणवत नसतील. ज्याच्या घरात सगळा हंगाम मिळून पंधरा-सोळा क्विंटल येतं, त्याला जाणवतात.

भावाचा फळा रोज सकाळी लागतो. २०२३ च्या दिवाळीनंतर मी माल दिला त्या दिवशीचा माझ्या वहीत उतरवलेला आहे. प्लांटचा भाव क्विंटलला ५०५० रुपये. त्यातून ट्रकभाडं ६०, हम्माली आणि छनाई २५, मंडी शुल्क ५०, कंपनीचा हिस्सा ५०. शेतकऱ्याला ४८६५. त्या दिवशी मंडीत तशाच मालाला ४६०० ते ४८५० मिळत होते. वरवर पाहता फरक फार नाही. पण मंडीत न्यायला ट्रॉलीचं भाडं १६०० रुपये, मग तुम्ही सोळा क्विंटल न्या की चाळीस. सोळा क्विंटलवाल्याला क्विंटलमागे शंभर पडले, चाळीसवाल्याला चाळीस. बाजार सगळ्यांना एकच असतो असं म्हणतात, पण बाजारापर्यंतचा रस्ता लहान शेतकऱ्याला अडीचपट महाग पडतो. केंद्र गावाजवळ असल्यामुळे तो खर्च जवळजवळ संपतो. बैलगाडीतून, मोटारसायकलला बांधलेल्या ठेल्यातून, डोक्यावर एकेक पोतं घेऊन आलेल्या बायासुद्धा मी तिथे पाहिल्या आहेत, आणि एका पोत्यालाही पावती मिळते.

माळव्याला हा प्रयोग नवा नाही. २००० साली आयटीसीनं ई-चौपाल सुरू केली तीही मध्य प्रदेशात, सोयाबीनसाठीच. गावातल्या एका घरी संगणक, त्यावर भाव, आणि माल थेट कंपनीच्या केंद्रावर. त्याच्या परिणामांचा जो अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात असं दिसलं की जिथे या चौपाली झाल्या तिथल्या मंड्यांतले भावसुद्धा एक ते तीन टक्क्यांनी वाढले. म्हणजे चौपालीवर कधी न गेलेल्या शेतकऱ्यालाही फायदा झाला, कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला माहीत होतं की याला आता दुसरं दार आहे. आमच्या केंद्राचंही मोल मी असंच धरते. ते किती माल घेतं एवढ्यावर त्याला जोखू नये. ते उघडं आहे, एवढ्यानंही आसपासच्या खेड्यांत फिरणारे खरेदीदार भाव सांभाळून बोलतात.

आता तक्रारी.

पैसे. केंद्राचा नियम असा की सत्तर टक्के दोन दिवसांत खात्यावर आणि बाकीचे प्लांटकडून आले की. पहिले सत्तर टक्के नेहमी वेळेवर आले. बाकीच्यांचं मात्र काही खरं नसतं. एका हंगामात प्लांटनं रक्कम अडवली आणि आम्हाला उरलेले तीस टक्के मिळेपर्यंत गव्हाची पेरणी होऊन पहिलं पाणीही देऊन झालं होतं. खतं उधारीवर घ्यावी लागली. या बाबतीत मंडीचा कायदा किती चांगला आहे ते सांगितलंच पाहिजे. १९७२ च्या मध्य प्रदेश कृषि उपज मंडी अधिनियमात त्याच दिवशी पैसे देण्याचं बंधन आहे. उशीर झाला तर दिवसाला एक टक्का जादा, आणि पाच दिवसांतही दिले नाहीत तर व्यापाऱ्याचा परवाना रद्द. हा कायदा मंडीतल्या प्रत्येक विकणाऱ्याच्या पाठीशी उभा असतो. आपल्या लोकांची कंपनी म्हणून आपण उशीर चालवून घेतो, आणि ते बरोबर नाही. कंपनीनं प्लांटशी करार करताना हीच अट तिथे घातली पाहिजे.

अर्थात असं का होतं तेही मला दिसतं. कंपनीकडे खेळतं भांडवल नाही. केंद्रीय योजनेत संस्था चालवायला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख मिळतात आणि सभासदांच्या भागभांडवलाला पूरक म्हणून माणशी दोन हजारांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत. तीन वर्षं संपली की व्यवस्थापकाचा पगार त्या क्विंटलमागच्या पन्नास रुपयांतूनच काढायचा. एक ट्रक माल उभा राहतो तेव्हा आठ-नऊ लाख अडकतात. बँक तारण मागते, आणि केंद्राकडे स्वतःचं गोदाम नाही. त्यामुळे दिवाळीच्या आधी भाव पडलेले असतानाही आलेला माल लगेच पुढे पाठवावा लागतो. दोन महिने थांबायची सोय हवी असेल तर या केंद्राकडून अपेक्षा ठेवू नका. माझ्या मते आमच्या तालुक्यात सरकारनं दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण अशा केंद्राला जोडून एक नोंदणीकृत लहान गोदाम द्यावं, ज्याच्या पावतीवर बँक कर्ज देईल.

बायांसाठी स्वच्छतागृह नाही. शेजारच्या डेअरीत जावं लागतं. वार्षिक सभेत सभासद म्हणून नावं पुरुषांची आणि पोती शिवणाऱ्या, माल वाळवणाऱ्या बाया बाहेर ओट्यावर. जमीन ज्याच्या नावावर तो सभासद, हा नियम धरला की हेच होणार. कायद्याला फक्त उत्पादक हवा आहे, सातबारा मागितलेला नाही, आमच्याकडच्या भाषेत बोलायचं तर खसरा मागितलेला नाही. दुधाच्या सोसायटीत जी बाई रोज संध्याकाळी दूध घालते तिचं नाव वहीत असतं, फॅट तिच्या समोर लागते, पैसे तिच्या खात्यात जातात. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन संस्थांत एवढं अंतर असायचं कारण नाही. हे मी सभेत बोलले आहे, आणि आता तीन बाया सभासद झाल्या आहेत.

खरी अडचण मात्र केंद्राच्या हातातली नाही. तिच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही.

२०२४ मध्ये सोयाबीनचा बाजारभाव ४८९२ च्या हमीभावाखाली गेला आणि सरकारी खरेदी उघडली. आमच्या भागात ती सहकारी सोसायटीच्या केंद्रांवर झाली. २०२५ मध्ये हमीभाव ५३२८ झाला, बाजार आणखी खाली, आणि राज्यानं २०१७ सालची भावांतर योजना सोयाबीनसाठी पुन्हा आणली. ऑक्टोबरात नोंदणी, २४ ऑक्टोबर ते १५ जानेवारी विक्री. योजना अशी होती की माल तुम्ही मंडीत लिलावात विका, आणि मिळालेला भाव व हमीभाव यांतला फरक सरकार खात्यावर देईल. राज्यातल्या मंड्यांची सरासरी काढून मॉडेल भाव ठरतो. तुम्ही त्याच्याही खाली विकलंत तर फरक मॉडेल भावापासूनच मोजतात. पहिला मॉडेल भाव ४०२० निघाला. म्हणजे ४१५० ला विकणाऱ्याला ११७८ मिळून ५३२८ पूर्ण झाले. पावसात भिजलेला माल ३७०० ला गेलेल्याला १३०८ मिळाले, त्याचे ५००८ झाले. ज्याच्याकडे वाळवायला जागा नाही, त्याचाच माल भिजतो आणि त्यालाच हमीभाव पुरा पडत नाही. तरीही हजाराच्या वर रक्कम मिळते, आणि ज्यांना मिळाली त्यांना ती लागतच होती. योजनेबद्दल माझी कृतज्ञता आहे आणि ती मी लपवत नाही.

पण ही रक्कम फक्त मंडीच्या प्रांगणात विकलेल्या मालाला. गावाजवळच्या केंद्रावर, शिक्क्याच्या काट्यावर, मीटर लावून, पावती घेऊन विकलेल्या मालाला शून्य. मग तिथे कोण विकणार? मीही नाही विकलं. भाड्याची ट्रॉली केली, एका मंडीच्या फाटकाबाहेर रांगेत रात्र गेली, बटाईदार दादा पोत्यांवर झोपले, मी ओळखीच्यांकडे. दुसऱ्या दिवशी लिलाव होऊन तौल व्हायला संध्याकाळ झाली. भाव बरा मिळाला, पैसेही नियमाप्रमाणे आले, फरकही आला. आणि सगळा हंगामभर आमच्या केंद्राचा काटा ताडपत्रीखाली झाकलेला होता. व्यवस्थापक गव्हाच्या बियाण्याच्या नोंदी करत बसायचा. क्विंटलमागे पन्नास रुपयांवर ज्या संस्थेचा पगार निघतो, तिच्या हातून सगळं सोयाबीन गेलं.

एका खात्यानं गावाजवळ बाजार आणण्यासाठी संस्था उभी केली आणि दुसऱ्या योजनेनं तिथला माल उचलून दूरच्या फाटकावर नेला. कुणाचा वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. मंडीची अट का ठेवतात तेही समजतं. उघड्या लिलावात खोटा कमी भाव दाखवणं अवघड असतं. पण हिशेब नीट पाहा. मॉडेल भावाच्या खाली कितीही कमी दाखवलं तरी सरकारकडून जास्त काही मिळत नाही, मर्यादा तिथेच बांधलेली आहे. माल फुगवून दाखवायची भीती म्हणाल तर नोंदणी रकब्यावर, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रावर आहे आणि हेक्टरी उत्पादनाची कमाल ठरलेली आहे. मंडीबाहेरच्या सौद्याची नोंद करायला आमच्या राज्यात सौदा पत्रकाची सोय आहे, आणि आमचं केंद्र मंडी शुल्कही भरतं, ते फळ्यावरच लिहिलेलं असतं. शुल्क घेताना जो सौदा मंडीचा धरला जातो, तो फरक देतानाही मंडीचा धरावा. उत्पादक कंपन्यांच्या केंद्रांपुरती जरी ही सोय केली तरी लहान शेतकऱ्याचं ट्रॉलीचं भाडं, रात्रीची रांग आणि एक दिवसाची मजुरी वाचेल, आणि सरकारनं उभी केलेली संस्था सरकारच्याच योजनेनं उपाशी राहणार नाही.

बटाईदारांचा प्रश्न यात आणखी खोल आहे. नोंदणी माझ्या नावावर, त्यामुळे फरक माझ्या खात्यात आला. त्यातला अर्धा मी दादांना दिला, कारण पिकात त्यांचा अर्धा वाटा आहे. पण मी दिला नसता तर त्यांना मागायला कुठे जागा नव्हती. बटाईचा लेखी करार असेल तर त्यांच्या नावानं नोंदणी होऊ शकते, पण करार लिहून द्यायला जमीनमालक घाबरतात. केंद्रावर मात्र माल घालणाऱ्याच्या नावानं पावती फाटते. दादांच्या वाट्याचं सोयाबीन २०२३ मध्ये दादांच्या नावावर तोललं गेलं आणि पैसे त्यांच्या खात्यात गेले. माल विकल्याचा हा त्यांच्याकडचा पहिला कागद. त्याच्या जोरावर त्यांना पुढे बियाणं उधार मिळालं.

भाव मुळात का पडले, याचा दोष कुठल्याच केंद्राला किंवा मंडीला देऊ नये. आपला देश खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढवून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं होतं. २०२५ च्या मे अखेर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते साडेसोळावर आणलं. शहरातल्या स्वयंपाकघरांना त्यानं हातभार लागला असेल, मीही शहरातच तेल विकत घेते. पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के निघतं, बाकीची पेंड. आणि पेंडीला इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या स्वस्त चोथ्यानं कोंबडीखाद्यात मागे टाकलं आहे. तेलाचा भाव बंदरावर ठरतो, पेंडीचा कोंबड्यांच्या खुराकात, आणि शेतकरी मधल्या जागेत उभा असतो. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना इंदुरात आहे, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था खंडवा रोडवर आहे, सगळं ज्ञान आमच्या शहरात आहे. पेरणीच्या आधी शुल्काबद्दल एक स्थिर शब्द मिळाला तर शेतकरी मका लावायचा की सोयाबीन हे तरी नीट ठरवू शकेल.

वर्गात केनिया शिकवताना मी चहाच्या मळ्यांबद्दल सांगत असे. तिथला बराचसा चहा लहान शेतकरी पिकवतात. सहा लाखांवर शेतकरी त्यांच्या एका संघटनेच्या कारखान्यांना पानं घालतात. घराजवळच्या केंद्रावर पानं तोलली जातात, महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, आणि वर्षाअखेर कारखान्याला मिळालेल्या भावातून उरलेला वाटा. ती रचनाही भांडणांशिवाय चालत नाही, पण एक गोष्ट तिच्यात चांगली आहे. पुढच्या नफ्यातला वाटा पाने खुडणाऱ्या घरापर्यंत परत येतो. आमच्या कंपनीच्या नियमांत असा वाटा लिहिलेला आहे. गव्हाच्या नफ्यातून तो एकदा मिळाला, रक्कम लहान होती, पण हिशेब छापून भिंतीवर लावला होता आणि प्रत्येकाच्या मालाचं वजन त्यात होतं. सोयाबीनमध्ये मात्र नुसतं दाणा विकून असा वाटा कधी निघेल असं मला वाटत नाही. निवडून, प्रतवारी करून बियाणं म्हणून विकता आलं तर निघेल.

इंदूरकरांसाठी गव्हाचं. केंद्रावर एक ग्रेडर आहे. मार्च-एप्रिलात लोकवन गहू त्यातून काढून, खडे-काडी वेगळी करून, पन्नास किलोच्या कट्ट्यांत भरतात. २०२५ च्या उन्हाळ्यात घरपोच ३१०० रुपये क्विंटल होता. त्यातले २८०० शेतकऱ्याला. त्याच वेळी सरकारी खरेदी बोनस धरून २६०० होती. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर इकडच्या पुष्कळ घरांनी माझ्या सांगण्यावरून घेतला. पोळी मऊ होते, दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही, कणीक पाणी चांगलं धरते. एका खेपेला काही कट्ट्यांत किडका दाणा निघाला तेव्हा केंद्रानं ते कट्टे बदलून दिले, पण त्यासाठी फोन पुष्कळ करावे लागले. गहू भरल्यावर लगेच दोन उन्हं द्या, कडुनिंबाचा पाला घाला. केंद्रावर कीडनाशकाच्या गोळ्या घालत नाहीत, आणि तेच बरं आहे. शरबतीची चौकशी पुष्कळ जण करतात. आमच्या पट्ट्यात ती थोडीच होते, तेव्हा शरबतीच्या नावानं तिथे आग्रह धरू नये.

एकूण माप आणि ओल यांना मी पाचपैकी पाच देईन. गव्हाला चार. पैशांच्या वेळेला दोन, आणि बायांच्या सोयीला सध्या एकच.

नवीन जाणाऱ्यांनी आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि मोबाईल बरोबर न्यावा. सभासद नसलात तरी माल घेतात, फक्त वर्षाअखेरचा वाटा मिळत नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर फळ्यावरचा भाव त्याच दिवशीचा धरतात, नंतर प्लांटला फोन करून विचारतात. पोती स्वतःची नेलीत तर परत मिळतात, त्यावर नाव लिहून न्या. सभासदांनी वार्षिक सभेची तारीख बघून ठेवावी, सप्टेंबरच्या आत असते. केंद्रावरच्या सौद्याला भावांतरात धरावं, असा ठराव मी तिथे मांडणार आहे आणि तो तहसील कार्यालयापासून वरपर्यंत पाठवायचा आहे. अनुमोदनाला माणसं हवी आहेत. ज्यांनी २०२५ च्या दिवाळीनंतर मंडीच्या रांगेत रात्र काढली, त्यांनी ट्रॉलीच्या भाड्याची पावती जपून ठेवली असेल तर ती घेऊन यावी. ठरावाला जोडायला ती कामाला येईल.